हक्क देणारा कोण?

४ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फिया शहरात तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींनी एक जाहीरनामा मंजूर केला. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्याशी असलेले नाते त्यांनी तोडले आणि अमेरिका या राष्ट्राचा पाया घातला. ४ जुलै २०२६ ही या घटनेच्या अडीचशे वर्षांची तारीख. आपल्या वाचकांनी या जाहीरनाम्याकडे लक्ष द्यावे असे आम्हाला वाटते, कारण त्याच्या सुरुवातीलाच निर्मात्याचा उल्लेख आहे.

वसाहतींची तक्रार करांची होती, राजाच्या मनमानीची होती. ती यादी जाहीरनाम्यात आहेच. पण यादीआधी त्यांनी एक तत्त्व मांडले. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत. निर्मात्याने त्यांना काही हक्क दिले आहेत, जे कोणी हिरावून घेऊ शकत नाही. जगणे, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध हे त्यांपैकीच होत. आणि ही सत्ये स्वयंसिद्ध आहेत, असे त्यांनी म्हटले.

स्वयंसिद्ध म्हणजे काय? भूमितीत काही गोष्टी सिद्ध कराव्या लागत नाहीत. पूर्ण वस्तू तिच्या तुकड्यापेक्षा मोठी असते, हे ऐकताच पटते. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनने आधी या सत्यांना ‘पवित्र आणि नाकारता न येणारी’ म्हटले होते. पुढे ते शब्द बदलून ‘स्वयंसिद्ध’ हा शब्द आला. माणसाची समानता राजाच्या दरबारात किंवा पंडितांच्या सभेत मंजूर करून घ्यावी लागत नाही, असा त्याचा अर्थ.

‘नैसर्गिक हक्क’ ही कल्पना जेफरसनच्या आधीची आहे. सतराव्या शतकात इंग्रज विचारवंत जॉन लॉक याने मांडले होते की, जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांवरचा माणसाचा हक्क सरकारच्याही आधीचा आहे. सरकार तो हक्क देत नाही, फक्त त्याची राखण करते. राखणदारच लुटू लागला तर त्याला बदलण्याचा अधिकार लोकांना आहे. खैरात आणि हक्क यांत फरक आहे तो हाच. खैरात देणारा हात आखडता घेऊ शकतो. हक्क मात्र ज्याने दिला तो निर्माता आहे. मधल्या माणसाकडे ती केवळ अमानत आहे.

इतके स्पष्ट सत्य लिहिणाऱ्यांच्या देशात त्या वेळी सुमारे पाच लाख माणसे गुलाम होती. खुद्द जेफरसनच्या मालकीत त्याच्या आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. त्याने मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा एक परिच्छेद लिहिला होता, त्याचे खापर राजावर फोडले होते. प्रतिनिधींनी तो परिच्छेदच काढून टाकला.

या जेफरसनने विद्यार्थिदशेत, १७६५ साली, कुरआनचा इंग्रजी अनुवाद विकत घेतला होता. १७८६ साली व्हर्जिनिया राज्यात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला, तो त्यानेच लिहिलेला. या कायद्याच्या छत्राखाली ख्रिस्ती, यहुदी, मुसलमान, हिंदू सगळेच येतात, असे त्याने पुढे आत्मचरित्रात नोंदवले. म्हणजे अमेरिकेचा एक संस्थापक मुसलमान नागरिकाची कल्पना करू शकत होता. पण पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेले मुसलमान अमेरिकेच्या शेतांत आधीपासूनच राबत होते. ते त्याला नागरिक म्हणून दिसले नाहीत.

उमर इब्न सईद हे असेच एक. आजच्या सेनेगलमधील फुता तोरो भागातले ते शिकलेले गृहस्थ. १८०७ साली त्यांना चार्ल्स्टन बंदरात आणून विकण्यात आले. १८३१ साली, गुलामीत असतानाच, त्यांनी अरबीत आपली जीवनकहाणी लिहिली. त्याआधीच त्यांचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे खरी. पण या कहाणीची सुरुवात त्यांनी सूरह अल-मुल्कने केली. मुल्क म्हणजे राज्य, मालकी. ही सारी मालकी एका अल्लाहच्या हाती असल्याचे ती सूरह सांगते. ज्याला दुसऱ्या माणसाने विकत घेतले होते, त्याने कागदावर सर्वांत आधी हेच लिहिले. त्यांना सुटका मिळाली नाही. गुलाम म्हणूनच ते वारले. आज ते हस्तलिखित अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयात आहे.

मग त्या सत्याचा उपयोग काय झाला? ज्यांना वगळले होते, त्यांनीच ते हाती घेतले. मॅसॅच्युसेट्स राज्याने १७८० साली आपली राज्यघटना केली, तीत सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान असल्याचे म्हटले होते. तिथे बेट नावाची एक गुलाम बाई होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पण हे शब्द तिच्या कानावर आले आणि ती थिओडोर सेजविक या वकिलाकडे गेली. आपणही माणूस आहोत, मग हे आपल्याला का लागू नाही, एवढाच तिचा मुद्दा. १७८१ साली ज्यूरीने तिच्या बाजूने निकाल दिला. तिने एलिझाबेथ फ्रीमन असे नवे नाव घेतले. दोनच वर्षांनी त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही गुलामगिरी घटनेत बसत नाही, असे सांगितले गेले.

१८४८ साली सेनेका फॉल्स येथे जमलेल्या स्त्रियांनी त्याच जाहीरनाम्याच्या वाक्यात पुरुषांबरोबर ‘स्त्रिया’ हा शब्द घातला. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८५२ साली भर सभेत विचारले की, तुमच्या ४ जुलैशी गुलामाचा संबंध काय? गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ मध्ये, यादवी युद्धात लाखो माणसे मेल्यानंतर. स्त्रियांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला तो १९२० मध्ये.

ही हकीकत महाराष्ट्राने फार लवकर ओळखली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. निर्मात्यासाठी जोतीराव ‘निर्मिक’ हा शब्द वापरत. स्त्री-पुरुष सर्वांना हक्क निर्मिकाने दिले आहेत, मधल्या कोणाला ते अडवण्याचा अधिकार नाही, ही त्यांची भूमिका होती.

आपल्याला तर हे नवे नाही. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी हज्जतुल विदाच्या प्रसंगी वंश आणि रंगाची बढाई मोडीत काढली. गुलामीतून आलेले हजरत बिलाल (रजि.) मस्जिदे नबवीचे मुअज्जिन झाले. तरीही पुढच्या कित्येक शतकांत मुसलमान राज्यांतही गुलामांचे बाजार भरत राहिले, हेही इतिहास सांगतो. म्हणून अमेरिकेकडे बोट दाखवून आपले काम संपत नाही. सत्य ग्रंथात असणे आणि ते घरात असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घराचीच गोष्ट घेऊ. वारशात मुलीचा वाटा आहे, मालमत्ता थोडी असो वा जास्त, हे सूरह अन-निसामध्ये स्पष्ट आहे. त्यावर वाद नाही. पण बाप गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद होते आणि काही दिवसांत बहिणीला निबंधक कार्यालयात बोलावले जाते. हक्कसोडपत्र तयार असते. लग्नात खर्च केला, जहेज दिले, असे सांगितले जाते. नाही म्हटले तर माहेर तुटेल, या भीतीने ती सही करते. मग सगळे म्हणतात, तिने खुशीने सोडले.

भाऊ येथे देणारा नाही. देणारा अल्लाह आहे. भावाच्या हाती फक्त अमानत आहे. बहिणीला खरोखर वाटा सोडायचा असेल, तर आधी तो तिच्या नावावर होऊ द्या. मग तिला काय करायचे ते ती ठरवील. आईवडिलांनीही हयात असतानाच मुलामुलींना एकत्र बसवून कोणाचा किती हिस्सा आहे हे सांगून ठेवावे. बेटला ते शब्द योगायोगाने ऐकायला मिळाले. आपल्या मुलींना त्यांचा हक्क योगायोगाने कळू नये. तो आपल्या तोंडून कळावा.