कोवळं ऊन आणि ‘ड’ जीवनसत्त्व

सकाळी साडेसातला खिडकीच्या काचेआड खुर्ची ओढून बसणारे आजोबा काय किंवा मालिश झालेल्या बाळाला कोवळ्या उन्हात धरणारी आजी काय, त्या उन्हातून ‘ड’ जीवनसत्त्व मिळतं अशी दोघांचीही खात्री असते. ही समजूत चुकीची आहे. त्वचेतल्या एका कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्यापासून ‘ड’ तयार होतं ते उन्हातल्या अतिनील-ब किरणांमुळे. सूर्य खाली असतो तेव्हा किरण तिरपे येतात, वातावरणातला त्यांचा प्रवास लांबतो आणि ओझोन त्यांतले बहुतेक अतिनील-ब किरण शोषून घेतो. उरलेसुरले काच अडवते. आत येते ती ऊब, आणि तिच्यासोबत त्वचा काळवंडवणारे, वांग वाढवणारे अतिनील-अ किरण. म्हणजे लाभ बाहेर आणि नुकसान घरात! खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच ते ऊन ‘ड’च्या कामाचं.

बारा महिने ऊन असलेल्या देशात कमतरता कशी, हा प्रश्न मग उरत नाही. दुपारी आपण ऑफिसात असतो. दुचाकीवरून बाहेर पडलोच, तर स्कार्फ, सनकोट आणि हातमोजे. त्यात आपल्या त्वचेतलं मेलॅनिन अतिनील किरण शोषतं, त्यामुळे गोऱ्या माणसाच्या कित्येक पट वेळ आपल्याला लागतो. धुरकट हवाही आड येते: 2002 साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या एका अभ्यासात प्रदूषित वस्तीतल्या लहान मुलांची ‘ड’ची पातळी स्वच्छ हवेतल्या मुलांच्या निम्म्याच्या आसपास निघाली.

दोष मात्र सनस्क्रीनला दिला जातो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात काहींना खरं सनस्क्रीन आणि काहींना नुसतं मलम देऊन उन्हाळाभर तपासलं, तेव्हा दोन्ही गटांत ‘ड’ वाढलेलंच आढळलं. रोजच्या वापरात थर पातळ बसतो, काही जागा सुटतात. क्वीन्सलँडमधल्या चाचणीत रोजच्या सनस्क्रीनने त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटलं. तिथले लोक बहुतांशी गोरे होते, तो आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू करणं बरोबर नाही; सावळ्या त्वचेत हा आजार मुळात कमी. पण वांग आणि मोतीबिंदू रंग पाहून सोडत नाहीत, त्यामुळे सावळ्यांना संरक्षण नको हेही खरं नव्हे.

दुपारचं ऊन घातक, मग त्यात जायचं कसं, हा आक्षेप रास्त आहे. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात भरदुपारी कुणी उभंही राहू नये. उष्माघात जीव घेतो. पण ‘ड’ उन्हाच्या तापाने नव्हे, अतिनील-ब किरणांनी तयार होतं, आणि आपल्या अक्षांशावर ते जानेवारीच्या दुपारीही पुरेसे असतात. चेहरा झाकून हात-पाय वीस-तीस मिनिटं उघडे ठेवले तरी उपयोग होतो. तासन्‌तास बसून जास्त मिळत नाही, कारण ठरावीक मर्यादेनंतर त्वचा जादा भाग निरुपयोगी द्रव्यांत मोडून टाकते.

गोळ्यांना अशी मर्यादा नाही. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच घ्यायची असते. मनाने महिनोन्‌महिने घेत राहिल्यास रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तान्ह्या बाळाला तर बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज 400 युनिटचे थेंब द्यायला सांगतात. कोवळं ऊन बाळाला जरूर दाखवा, पण त्या भरवशावर हे थेंब बंद करू नका.