पट्टा लावला का?

मागच्या वैशाखात हिमायतनगरला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने नवी मोटारसायकल घेतली होती. परमेश्वराच्या देवळापुढे नारळ फुटला, हँडलला लिंबू-मिरची बांधून झाली. मग भाच्याने नवं जाकीट आणून दाखवलं. खांद्यांना आणि कोपरांना आतून जाड गाद्या, त्यांवर लिहिलेलं 'सीई, लेव्हल २'. किंमत ऐकून मी गप्प राहिलो. त्याचं हेल्मेट मात्र हातात घेतलं आणि जुनी सवय जागी झाली.

माझी उभी नोकरी बँकेत गेली. नोट हाती आली की उजेडात धरायची, सही दिसली की नमुन्याशी ताडून पाहायची. हेल्मेट तसंच उलटसुलट करून पाहिलं. मागे आयएसआयची खूण होती, पण नुसतीच. खऱ्या खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो, आयएस ४१५१. खाली 'सीएम/एल' या अक्षरांपुढे उत्पादकाच्या परवान्याचा क्रमांक असतो. इथे वरही काही नाही, खालीही काही नाही. आत बोट दाबलं तर कापडाखाली नुसता स्पंज.

"केवढ्याला?"

"अडीचशेला. नांदेडला, रस्त्यावर. मामा, पोलिसापुरतं आहे ते."

ते 'पोलिसापुरतं' मला पस्तीस वर्षं मागे घेऊन गेलं. १९८९ साली मी याच गावात शेतकी अधिकारी होतो. राजदूतवर बसून वसुलीला हिंडायचो, डोक्याला उपरणं. त्याच वर्षी १ जुलैपासून नवा मोटार वाहन कायदा लागू झाला. त्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट होतं, पण आमच्या रस्त्यांवर ते फारसं दिसत नव्हतं. मोटारसायकलचं कर्ज देताना आम्ही नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा चढवून घेत असू, विम्याचा कागद फायलीला लागल्याशिवाय पैसे सोडत नसू. डोक्याची चौकशी एकाही अर्जात नव्हती.

आमचे एक कारकून होते, हिशेबाला चोख. भोकरहून संध्याकाळी परतताना रस्त्यात बैल आडवा आला. हेल्मेट होतं बरं का! आमच्या शाखेत हेल्मेट घालणारे ते एकटेच. पोरं हसायची त्यांना. पण उकाड्यामुळे हनुवटीचा पट्टा मोकळा सोडलेला. नांदेडला नेईपर्यंत ते गेले. हेल्मेट दुसऱ्या दिवशी नालीत सापडलं, त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. पुढे गाडीच्या दुरुस्तीचा दावा मंजूर झाला. त्याचे कागद मीच तयार केले होते.

कायद्याने नुसतं हेल्मेट मागितलेलं नाही. ते पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं असावं, असंही त्यात लिहिलं आहे. म्हणूनच आयएस ४१५१ मध्ये पट्ट्याचीही ओढून चाचणी होते. हेल्मेट तापवून, गारठवून, भिजवून लोखंडी ऐरणीवर आपटतात आणि आतल्या नकली डोक्याला किती हिसका बसला ते मोजतात. टोकदार वजन टाकून कवच भेदलं जातं का, तेही पाहतात. खरं काम करतो तो कवचाखालचा थर, टीव्हीच्या खोक्यात असतो तसल्या थर्माकोलचा, पण घट्ट दाबलेला. दणका बसला की तो चिरडतो आणि मेंदूच्या वाट्याचा मार स्वतः खातो. एकदा चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून मोठा आपट खाल्लेलं हेल्मेट वरून चकचकीत दिसलं तरी बाद समजायचं. भाच्याच्या स्पंजला यातलं काहीच जमणार नव्हतं.

या विद्येच्या मुळाशी एक मरण आहे. १९३५ साली 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' मोटारसायकलवरून पडून वारला. त्याला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. ते मरण त्यांच्या मनातून गेलं नाही. १९४१ साली त्यांनी स्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर लेख लिहिला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. पुढे २००८ साली निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यानुसार अपघात झाला तर हेल्मेटमुळे मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. आपल्याकडे आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आली ती १ जून २०२१ पासून. तरी अडीचशेवालं मिळालंच!

जाकिटाबद्दल भाच्याला मी नावं ठेवली नाहीत. 'लेव्हल २' चा अर्थ त्याला ठाऊक नव्हता, तेवढा सांगितला. युरोपात या गाद्यांवर ५० ज्यूलचा घाव घालतात, म्हणजे ५ किलोचं वजन साधारण मीटरभर उंचीवरून पाडल्यासारखा. पलीकडे पोचणारा सरासरी दणका ३५ किलोन्यूटनच्या आत राहिला तर लेव्हल १, २० च्या आत राहिला तर लेव्हल २. हे झालं गादीचं. जाकिटाचं कापड रस्त्यावर घासलं तर किती टिकेल, शिवण उसवते का, याची प्रतवारी वेगळी. ट्रिपल ए सर्वांत वरची, मग डबल ए, मग ए. आपल्या कायद्याचं कलम १२९ फक्त डोक्याबद्दल बोलतं. कोपर सांभाळणारा मुलगा डोकं अडीचशेत उरकतो, याचं मला नवल वाटलं.

"लई उकडायलंय मामा, आणि नांदेडात सरदारजींना सूट असते की."

"ती सूट पगडीला आहे. तुझ्या भांगाला नाही."

बहीण हसली, पण डोळे पुसत. आमचे कारकून तिच्या सासरच्याच गल्लीत राहायचे.

दुसऱ्या दिवशी एसटीने दोघे नांदेडला गेलो. दुकानात हेल्मेटवरचा परवाना क्रमांक भाच्यानेच 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घालून पाहिला. उत्पादकाचं नाव जुळलं. बसतं का ते बघायला पट्टा लावून डोकं हलवलं, हेल्मेट डोक्याबरोबर हललं. मी पैसे मोजले आणि चला म्हणालो.

तो जागचा हलेना. "घरी गेल्यावर गाडीवर मागं कोण बसणार?"

"मी."

"मग तुमचं?"

दुकानदाराने न विचारता दुसरं खोकं खाली काढलं.