आवाज गेला म्हणजे काम झालं? कॅम बदलल्यावर लिफ्टरचा प्रीलोड कसा सेट करतात

एरवी आपण फोनच्या सेटिंगबद्दल बोलतो. आज बुलेटच्या इंजिनमधलं एक सेटिंग समजून घेऊया.

माझा मामेभाऊ घाटकोपरला राहतो. त्याच्याकडे २०१४ ची क्लासिक ५०० आहे. पिकअप वाढावा म्हणून त्याने एका गॅरेजमधून कॅम बदलून घेतले, सोबत लांबी कमी-जास्त करता येणारे पुशरॉड बसवले. गाडी घरी आली ती टिक-टिक करतच. परत नेली, तर मेकॅनिकने पुशरॉड लांब केले आणि आवाज बंद. भाऊ खूश! पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी गाडी पटकन सुरू होईना, आयडलिंगला झटके, सायलेन्सरमधून फट्-फट्. म्हणजे आवाज गेला आणि खरा त्रास सुरू झाला.

लिफ्टर नेमकं काय करतो?

कॅम फिरतो, लिफ्टरला वर ढकलतो, लिफ्टर पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. इंजिन तापलं की हे भाग कमी-जास्त लांब होतात. म्हणून जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये टॅपेट सेटिंग हाताने करावं लागायचं. थंड इंजिनवर पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये, एवढा साधा नियम.

२००९ मध्ये आलेल्या क्लासिकच्या यूसीई इंजिनमध्ये हायड्रॉलिक लिफ्टर होते. लिफ्टरच्या आत एक छोटा प्लंजर, त्याखाली स्प्रिंग आणि इंजिन ऑइल. फट पडली की प्लंजर वर येऊन ती भरून काढतो. म्हणजे टॅपेट सेटिंगची कटकट नाही. (२०२० च्या मीटिओरपासून आलेल्या नव्या ३५० इंजिनमध्ये कॅम वर हेडमध्ये गेला आणि टॅपेट सेटिंग परत आलं.)

मग प्रीलोड म्हणजे काय?

प्लंजरला वर-खाली सरकायला मोजकीच जागा असते. तो अगदी वरच्या टोकाला असेल, तर फट वाढल्यावर आणखी वर येऊ शकत नाही. तळाला टेकला असेल, तर खाली जाऊ शकत नाही. म्हणून बसवतानाच त्याला थोडा दाबून ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंना जागा राहते. हा सुरुवातीचा दाब म्हणजे प्रीलोड. तो मिलिमीटरमध्ये मोजतात.

फोनच्या ऑटो ब्राइटनेससारखंच आहे हे. ऑटो असलं तरी त्याला कमाल आणि किमान मर्यादा असतेच.

कॅम बदलल्यावर तो का बिघडतो?

कॅमचा जो गोल भाग व्हॉल्व्ह बंद असताना लिफ्टरखाली असतो, त्याला बेस सर्कल म्हणतात. जास्त लिफ्टसाठी घासून बनवलेल्या कॅमचं बेस सर्कल बऱ्याचदा लहान असतं. त्याची त्रिज्या ०.५ मिमीने कमी झाली, तर लिफ्टर ०.५ मिमी खाली बसतो आणि पुशरॉड तोच ठेवल्यास प्रीलोड तेवढाच घटतो. वेगळ्या जाडीचं हेड गॅस्केट टाकलं किंवा व्हॉल्व्ह सीट घासली, तरी हिशोब बदलतो.

प्रीलोड कमी पडला तर टिक-टिक. जास्त झाला तर प्लंजर तळाला टेकतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. ही जास्त धोक्याची बाजू आहे, कारण तिथे आवाज येत नाही. व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटला टेकूनच बाहेर टाकतो. टेकलाच नाही, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो आणि मग हेड उतरवण्याशिवाय पर्याय नाही.

सेटिंग कसं करतात?

१. इंजिन थंड असू द्या. प्लग काढा आणि पिस्टन कंप्रेशन स्ट्रोकच्या टॉपला आणा. आता दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत.

२. पुशरॉड आखूड करून मुद्दाम सैल करा. मग हळूहळू लांब करत वर-खाली होणारा प्ले जेमतेम संपेल तिथे थांबा. हा शून्य बिंदू. इथे पुशरॉड फिरवून अंदाज घेऊ नका. स्प्रिंग मऊ असते, नकळत प्लंजर दाबला जातो.

३. इथून पुढे कॅम किंवा पुशरॉड बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याइतकं लांब करा. समजा १ मिमी हवा आहे आणि आट्यांचा पिच ०.८ मिमी आहे, तर सव्वा फेरा. पिच माहीत नसताना कुणाचे ‘इतके फेरे’ उचलू नका.

४. लॉकनट घट्ट करा. लिफ्टरमधलं जादा ऑइल झिरपेपर्यंत थांबा. पुशरॉड बोटांनी फिरायला लागल्याशिवाय इंजिन फिरवू नका, नाहीतर उघडा व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो किंवा पुशरॉड वाकतो.

५. दुसऱ्या व्हॉल्व्हचंही तसंच करा. मग सेल्फ मारण्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघा.

फोनचा उपयोग

कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. १,००० आरपीएमला एक सैल लिफ्टर सेकंदाला साधारण ८ वेळा वाजतो. आवाज रेकॉर्ड करून एडिटिंग ॲपमध्ये त्याची वेव्ह बघा. ठोके १६–१७ असतील तर आवाज बहुधा क्रँककडचा, ८ असतील तर बहुधा व्हॉल्व्हकडचा.

शेवटी रविवारी आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही एका ओळखीच्या मेकॅनिकदादांना बोलावलं. शून्य बिंदूपासून मोजलं, तर एक्झॉस्टचा पुशरॉड हव्या त्या आकड्यापेक्षा दोन फेरे जास्त लांब निघाला. तो नीट केल्यावर कंप्रेशन परत आलं. व्हॉल्व्ह थोडक्यात वाचला.

आमच्या कामात एरर लॉग बंद केला म्हणून बग जात नाही. इथेही तेच. गॅरेजमधून गाडी घेताना ‘आवाज गेला का?’ एवढंच विचारू नका. ‘शून्य बिंदूपासून किती मिलिमीटर दिला?’ हेही विचारा. ज्याने खरंच मोजलंय, तो लगेच आकडा सांगेल.