सीतापुऱ्याचं आभाळ

जयपूरच्या दक्षिणेला टोंक रस्त्यावरचं सीतापुरा म्हणजे कारखाने आणि रत्न-दागिन्यांच्या निर्यातीची वसाहत. पाऊस म्हटला की जुलै-ऑगस्ट, अशी आपली समजूत. पण इथलं हवामान खरं लहरी असतं ते मे-जूनमध्ये. भूमध्य समुद्राकडून येणारा पश्चिमी प्रक्षोभ जवळ आला की आठवड्याचा नूरच पालटतो.

सुरुवातीला सहा किलोमीटरच्याही वर तंतुमेघ दिसतात. हे बर्फकणांचे पांढरे धागे. त्यांतून पाऊस पडत नाही, पण वरच्या हवेतला ओलावा कळतो. मग माशाच्या खवल्यांसारखे मध्यराशिमेघ येतात. त्या दिवशी उकाडा नकोसा होतो. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळते, साधे राशिमेघ फुगत जातात आणि पुरेसा ओलावा असेल तर त्यांचाच गर्जन्मेघ होतो. तळ काळा, माथा ऐरणीसारखा सपाट, उंची बारा किलोमीटरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त. त्यातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून पसरते आणि धुळीची भिंत घेऊन येते. हीच आंधी. पाऊस कित्येकदा चार थेंबांचाच, पण पारा झर्रकन उतरतो. मला तर हा सौदा फायद्याचाच वाटतो.

धोका मात्र विजेचा. ११ जुलै २०२१ रोजी आमेर किल्ल्याजवळच्या बुरुजावर वीज पडून अकरा जण दगावले. गडगडाट कानावर आला की गच्ची सोडा, पक्क्या घरात जा आणि आवाज थांबल्यावरही अर्धा तास बाहेर पडू नका.