विद्युत रेल्वेतील मोटर-नियंत्रण : रोधापासून इन्व्हर्टरपर्यंत

मुंबईत विजेवरील ट्राम १९०७ मध्ये, तर विजेवरील रेल्वे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी सुरू झाली. व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावलेल्या त्या गाडीस १५०० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह पुरविला जात असे. मोटरचा वेग नियंत्रित कसा करावा, हा विद्युत वाहतुकीतील मूलभूत प्रश्न होय.

स्थिर मोटरमध्ये विरोधी विद्युतचालक बल शून्य असते. त्यामुळे पूर्ण दाब एकदम दिल्यास अतिरिक्त प्रवाह वाहून मोटर जळण्याचा धोका असतो. यासाठी मोटरशी रोध जोडून ते टप्प्याटप्प्याने वगळले जात. केवळ रोधांवर विसंबल्यास गती घेताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सैद्धान्तिकदृष्ट्या निम्मी ऊर्जा उष्णतारूपाने वाया जाते. मोटरी प्रथम एकसर व नंतर समांतर जोडल्यास हा अपव्यय एक-तृतीयांशावर येतो. परंतु नाहीसा होत नाही. वारंवार थांबणाऱ्या उपनगरी गाडीत तो प्रत्येक स्थानकानंतर पुन्हा घडतो.

अर्धवाहक साधनांमुळे या स्थितीत मूलगामी बदल झाला. चॉपर हे साधन प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा जोडते व तोडते. या दोन कालावधींचे प्रमाण बदलून सरासरी दाब नियंत्रित करता येतो. रोधांची गरज उरत नाही. इन्व्हर्टर त्याही पुढे जाऊन एकदिश प्रवाहापासून हव्या त्या वारंवारतेचा त्रिकला प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करतो. चार ध्रुवांच्या प्रवर्तन मोटरमधील चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्झला मिनिटास १५०० फेरे घेते, तर २५ हर्ट्झला ७५०. वारंवारतेच्या प्रमाणात दाबही बदलल्याने चुंबकीय अभिवाह स्थिर राहतो. या मोटरला कार्बन ब्रश लागत नसल्याने देखभालही कमी होते.

ब्रेक लावताना वारंवारता कमी करून क्षेत्राचा वेग घूर्णकाच्या वेगापेक्षा कमी ठेवला जातो. तेव्हा मोटर जनित्राचे कार्य करते व गाडीची गतिज ऊर्जा वीज होऊन तारेकडे परतते. अशा गाड्या मुंबईच्या उपनगरी सेवेत २००७ मध्ये दाखल झाल्या.

मात्र परत आलेल्या विजेस ग्राहक हवा. एकदिश प्रणालीत सामान्यतः जवळच दुसरी गाडी वीज घेत असावी लागते. अन्यथा ती ऊर्जा पुन्हा रोधातच जाळावी लागते. प्रत्यावर्ती प्रणालीत ती रोहित्रातून जाळ्याकडे सहज जाऊ शकते. मुंबईच्या उपनगरी मार्गांचे २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रणालीतील रूपांतर २०१६ मध्ये पूर्ण झाले. ऊर्जाबचत केवळ गाडीतील नियंत्रकावर नव्हे, तर संपूर्ण वीजपुरवठा प्रणालीवर अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट होते.