शेंदरी बोंडअळीची प्रतिकारक्षमता : एका अनिर्णित वादाचा परामर्श

यवतमाळ जिल्ह्यातील कापसाचा २०१७ सालचा हंगाम दोन कारणांनी स्मरणात राहिला. पावसाळ्याच्या उत्तरार्धात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. आणि पुढे वेचणीच्या दिवसांत बोंडे फोडून पाहता त्यांत शेंदरी अळी व किडकी सरकी आढळू लागली. या दोन घटना एकाच कारणाने घडल्या असे समजण्याची चूक पुष्कळदा होते. त्या फवारण्यांपैकी बऱ्याच रसशोषक किडींवर होत्या, आणि विषबाधेला औषधांची सरमिसळ, माणसाच्या छातीवर गेलेली झाडे व संरक्षक साधनांचा अभाव ही निराळी कारणे होती. तथापि ज्या वाणांमुळे फवारणी कमी होईल असे पंधरा वर्षांपूर्वी सांगितले गेले, त्याच वाणांच्या शेतांत हे घडले. ‘बीटी’ कपाशीचे संरक्षण का ढळले, हा प्रश्न त्यामुळे केवळ कीटकशास्त्राचा राहिला नाही.

या अळीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४०च्या दशकात सॉन्डर्स याने भारतातील, कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरून केले. तिचा स्वभाव गुप्त आहे. अंड्यातून बाहेर पडताच ती पातीत किंवा कोवळ्या बोंडात शिरते, शिरकावाचे छिद्र बुजून जाते आणि वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिने ग्रासलेले फूल पूर्ण उमलत नाही; यालाच शेतकरी ‘डोमकळी’ म्हणतात. हंगामाच्या अखेरीस ती सरकीत सुप्तावस्थेत जाते. तिचा निर्वाह मुख्यत्वे कपाशीवर होत असल्याने, शेतात कपाशी किती काळ उभी असते यावर तिच्या पिढ्यांची संख्या ठरते.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे क्राय१एसी हे प्रथिन कपाशीच्या पेशींतच तयार व्हावे अशी योजना असलेल्या संकरित वाणांना मार्च २००२ मध्ये केंद्राची मान्यता मिळाली. क्राय२एबी हे दुसरे प्रथिन जोडलेले वाण २००६ मध्ये आले. अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात हे प्रथिन विरघळते, तेथील विकरांनी त्याचे विभाजन होते आणि आतड्याच्या अस्तरावरील विशिष्ट ग्राहक-प्रथिनांशी बद्ध होऊन ते अस्तराला छिद्रे पाडते. ग्राहक-प्रथिनाची घडण बदलली की विष बद्ध होत नाही. प्रतिकारक्षमतेचा एक मार्ग तो हाच.

हा गुण बहुधा अप्रभावी असतो. म्हणजे बदललेल्या जनुकाची एकच प्रत असलेली, विषमयुग्मजी अळी विषाच्या पुरेशा मात्रेने मरते. दोन्ही प्रती बदललेली तेवढी वाचते. म्हणून बीटी शेताच्या कडेने साधी कपाशी लावावी, तीवर जगलेल्या असंख्य संवेदी पतंगांशी विरळा प्रतिकारक्षम पतंगाचा संयोग व्हावा आणि त्यांची संतती बीटी बोंडात मरावी, असा आश्रयपट्ट्याचा सिद्धान्त आहे. भारतात त्यासाठी वीस टक्के क्षेत्र किंवा कडेच्या पाच ओळी असा नियम झाला आणि ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी येऊ लागली. शेतकऱ्यांच्या तोंडी ती ‘रेफ्युजी’. ती बहुतांशी पेरलीच गेली नाही. ज्या ओळींतले पीक किडीला द्यायचे, त्यांची पेरणी, निंदणी व खत यांचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याने का सोसावा, याचे समाधानकारक उत्तर नियम करणाऱ्यांपाशी नव्हते.

गुजरातेतील अमरेली, भावनगर, जुनागढ व राजकोट या जिल्ह्यांत क्राय१एसीला दाद न देणाऱ्या अळ्या आढळल्याचे मोन्सॅन्टो कंपनीने २०१० मध्ये जाहीर केले. कसोट्यांच्या पद्धतीवर तेव्हा आक्षेप घेतले गेले. परंतु धुरुआ व गुजर यांच्या २०११ मधील निबंधाने प्रयोगशाळेत त्याला दुजोरा दिला. दोन्ही प्रथिने पचवणाऱ्या अळ्यांविषयीचा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील संशोधकांचा निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच विषाचा, याच अळीशी, अ‍ॅरिझोनातील सामना मात्र निराळा ठरला. तेथे १९९६ पासून बीटी कपाशी असून आश्रयपट्ट्यांचे पालन कसोशीने झाले. २००६ पासून वंध्य पतंग सोडण्याची मोहीम जोडली गेली. आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूस-क्षेत्रातून या किडीचे उच्चाटन झाल्याचे तेथील कृषिखात्याने घोषित केले. तेव्हा दोष केवळ प्रथिनाचा, असे म्हणता येत नाही. मग फरक कोठे पडला?

एक उत्तर बोंडाच्या आत आहे. सुरतेत १९७० मध्ये ‘एच-४’ हा पहिला व्यापारी संकर निघाल्यापासून भारताने संकरित कपाशीचा मार्ग धरला. इतरत्र प्रामुख्याने सरळ वाण पेरले जातात. सरळ बीटी वाणात जनुकाच्या दोन्ही प्रती असतात, म्हणून बोंडातील प्रत्येक सरकी विषारी. संकरात मात्र एकाच जनकाकडून जनुक आलेले असते, आणि बोंडातील सरकी ही तर पुढची पिढी होय. मेंडेलच्या नियमानुसार दोन स्वतंत्र जनुके असता दर सोळा सरक्यांपैकी नऊंत दोन्ही प्रथिने, तिहींत एक, तिहींत दुसरे आणि एकीत कोणतेच नाही असा हिशेब येतो. तीस सरक्यांच्या बोंडात अशा निर्विष सरक्या दोनच्या आसपास निघतात. अळी एका सरकीवर थांबत नाही. अर्धवट मात्रेच्या या मिश्र आहारावर विषमयुग्मजी अळीही तगते, आणि ‘अप्रभावी’ गुणावर आधारलेला सारा सिद्धान्त तेथेच लंगडा पडतो.

हा युक्तिवाद आकर्षक आहे, म्हणूनच तो तपासून घेतला पाहिजे. बोंडाची साल मातृवृक्षाची असल्याने तीत विष असतेच, आणि लहानग्या अळीला आधी ती पोखरावी लागते. शिवाय चीनमध्ये यांग्त्सी खोऱ्यात संकराच्या दुसऱ्या पिढीचे बियाणे पेरल्यामुळे शेतात सुमारे पाव हिस्सा साधी झाडे मिसळली गेली आणि त्यामुळे प्रतिकारक्षमता मागे हटली, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निरीक्षण सांगते. दोन्ही ठिकाणी विभाजन मेंडेलीयच. परंतु चीनमध्ये मिश्रण झाडांचे होते, येथे एका बोंडातील सरक्यांचे. अळी झाड बदलत नाही, सरकी बदलते. हा भेद पुष्कळ चर्चांत निसटून जातो.

अर्थशास्त्रज्ञांचा वाद याच्या शेजारून चालला आहे. काथागे व काइम यांनी २०१२ मध्ये बीटीमुळे एकरी उत्पन्न २४ टक्क्यांनी वाढल्याचे दाखविले. क्रांती व स्टोन यांनी २०२० मध्ये ती वाढ बऱ्याच अंशी खते व इतर कारणांची असल्याचे आणि कीटकनाशकांवरील खर्च बीटीपूर्व काळाहून अधिक झाल्याचे प्रतिपादिले. पहिल्यांच्या पाहण्या २००८ पर्यंतच्या आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे विरोध वाटतो तेवढा तीव्र राहत नाही.

दुसरे उत्तर हंगामाच्या लांबीत आहे. दीर्घ मुदतीचे संकर व त्यावर ओलिताची सोय, यांमुळे डिसेंबरनंतरही पीक राखून ‘फरदड’ घेतली जाते. अळीला नेमक्या त्याच काळात आणखी पिढ्या मिळतात. पऱ्हाटी वेळेवर काढा, हा सल्ला शास्त्रदृष्ट्या निर्विवाद आहे. पण खरिपात तोटा सोसलेल्याला फरदडीचे चार क्विंटल सोडणे सोपे नसते. शिवाय शेत मोकळे केले तरी सुप्त अळ्या सरकीबरोबर जिनिंग कारखान्यांच्या आवारात पोहोचतात. तेथे लावलेल्या कामगंध सापळ्यांत, आसपास कपाशीचे एकही झाड उभे नसताना, पतंग सापडत राहतात.