ठरवून केलेली सोबत

मराठी ऐतिहासिक कादंबरीने आजवर पुष्कळ लग्नं लावली. 1871 साली रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने सुरुवात केली, पुढे हरिभाऊ आपटे आणि नाथमाधव आले. मग रणजित देसाईंची ‘स्वामी’ आणि ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ घरोघरी गेली. या कादंबऱ्यांत सोयीची लग्नं भरपूर आहेत. तह टिकावा म्हणून सोयरीक होते, गादीला वारस हवा म्हणून आणखी एक लग्न लागतं. मात्र ती सोय दौलतीची असते. नवऱ्यामुलीला कोणी विचारत नाही आणि बहुतेक वेळा नवऱ्यामुलालाही नाही. प्रेम असलंच तर ते ‘राऊ’तल्यासारखं लग्नाच्या मांडवाबाहेर धुमसतं, नाहीतर ‘स्वामी’तल्या रमा-माधवासारखं बालपणी बांधलेल्या गाठीला नंतर पालवी फुटावी तसं येतं.

एक प्रकार मात्र आपल्याकडे जवळजवळ लिहिलाच गेला नाही. दोन जाणती माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, दोघांच्याही आयुष्याची घडी विस्कटलेली असते. पुढे एके दिवशी विचारपूर्वक, अटी बोलून, ती संसार मांडतात आणि जीव मागाहून जडतो. इंग्रजी ऐतिहासिक प्रेमकथांत जुन्या मित्रांच्या अशा लग्नाचा एक स्वतंत्र, लोकप्रिय प्रकारच आहे. आपल्याकडे तशी कादंबरी नाही, पण तसं घडलेलं आहे. घडलेलं कल्पनेहून सरस आहे आणि त्याचा एक धागा आमच्या राळेगावपासून फार लांब नसलेल्या वर्ध्यापर्यंत येतो.

मुंबईतल्या एका बिऱ्हाडापासून ही गोष्ट सुरू होते. धोंडो केशव कर्वे आणि नरहरपंत जोशी हे दोघे कोकणातून शिकायला आलेले, काटकसरीने एकत्र राहणारे मित्र. कर्व्यांची पत्नी राधाबाई या घरात होती. नरहरपंतांनी आपली बहीण गोदूबाई हिलाही देवरुखहून आणलं. गोदूबाईचं लग्न लहानपणी झालं होतं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं होतं. नवरा म्हणजे काय हे कळण्याआधीच तिची ओळख ‘नातूंची विधवा सून’ अशी झाली. मुंबईच्या त्या सामाईक संसारात राधाबाई आणि गोदूबाई एका चुलीपुढे वावरल्या. कर्व्यांना गोदूबाई माहीत झाली ती अशी: मित्राची बहीण म्हणून, बायकोची सोबतीण म्हणून, आणि अक्षर ओळखायला धडपडणारी एक प्रौढ विद्यार्थिनी म्हणून.

11 मार्च 1889 रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाईच. सदन पुढच्या वर्षी पुण्याला हललं, तशी तीही गेली. 1891 मध्ये राधाबाई वारल्या. त्याच सुमारास कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला पुण्यात आले. पदरी रघुनाथ हा नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता. त्या काळचा रिवाज सरळ होता. तिशीतल्या बिजवराला दहा-बारा वर्षांची मुलगी सांगून यायची आणि तो बोहल्यावर चढायचा. कर्व्यांनी ठरवलं की लग्न करायचं तर विधवेशीच, नाहीतर करायचंच नाही. हे मन त्यांनी मोकळं केलं ते गोदूबाईच्या वडिलांपाशी, बाळकृष्णपंत जोशांपाशी. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात लग्न झालं. शारदा सदनाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं पूर्ण होत होती. वर पस्तिशीला टेकलेला, वधू सत्तावीस-अठ्ठावीसची. गोदूबाईची आनंदीबाई झाली, आणि पुढे सगळ्यांची ‘बाया’.

या लग्नात सोय होती हे लपवण्याचं काही कारण नाही. त्याला तत्त्व जगून दाखवायचं होतं, मुलाला आई हवी होती, घर चालवणारं माणूस हवं होतं. तिला जन्मभराची विटंबना संपवायची होती. प्रणय म्हणावा असं या ठरावात काही दिसत नाही. तरीही मी याला प्रेमकथा म्हणतो. दोघांनीही एकमेकांना आधी माणूस म्हणून पाहिलं होतं. होकार देणारी बाई वयाने आणि अनुभवाने होकाराचा अर्थ जाणणारी होती. 1893 साली एवढं असणं फार दुर्मीळ होतं.

तुलनेला वीस वर्षं आधीचं एक लग्न घ्यावं. ऑक्टोबर 1873 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी गेली आणि डिसेंबरात, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून, त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. ते एकतीस वर्षांचे होते आणि विधवाविवाहाचे जाहीर पुरस्कर्ते होते. हेही सोयीचंच लग्न, पण सोय वडिलांची. रमाबाईंनी 1910 मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिल्या. त्या पुस्तकातली भक्ती खरी आहे, रानड्यांनी त्यांना शिकवून उभं केलं हेही खरं आहे. पण त्या नात्यात मैत्री नंतर, कष्टाने आणि एकाच बाजूच्या मर्जीने आली. बायांच्या ‘माझे पुराण’मध्ये (1944) सूर वेगळा लागतो. ही बाई नवऱ्याचं मोठेपण मान्य करते आणि त्याच दमात त्याच्याशी भांडते. मला ‘माझे पुराण’ हे मराठीतलं एक थोर प्रेमपुस्तक वाटतं, ते या भांडणामुळे.

भांडायला कारणंही तशीच होती. लग्नानंतर दोघं कर्व्यांच्या मुरूड या गावी गेली तेव्हा गावाने बहिष्कार घातला. ज्या गावासाठी कर्व्यांनी ‘मुरूड फंड’ उभारून वर्गणी गोळा केली होती, तेच हे गाव. कर्व्यांच्या आईला आणि भावाला त्यांच्याबरोबर पंगतीला बसायची सोय उरली नाही. हे एक वेळ सोसलं, कारण शत्रू बाहेरचा होता. पण 1896 मध्ये कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम निघाला आणि पुढे हिंगण्याला गेला, तेव्हा बायांच्या वाट्याला विचित्र एकटेपण आलं. आश्रमाला सनातनी घरांतून विधवा मुली मिळायच्या आणि पैसाही तिथूनच यायचा. इथे पुनर्विवाह लावतात अशी शंका आली तर दोन्ही आटणार. बाया पुनर्विवाहित, म्हणून त्यांना आश्रमापासून दूर ठेवलं गेलं. ज्या लग्नातून हे सगळं काम उगवलं, त्या लग्नातल्या बाईलाच त्या कामाच्या अंगणात पाऊल टाकताना विचार करावा लागे. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले विधवा म्हणून आश्रमाचा आधारस्तंभ झाल्या. बाया मात्र आश्रमाच्या बाहेर राहिल्या.

त्यात पैशाची ओढ. कर्वे मिळेल ते आश्रमाला देत. विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाच्या नावे केली, तेव्हा बाया संतापल्या. मुलं होती, घर होतं, आणि उद्या हा माणूस नसला तर काय, हा प्रश्न त्यांनी तोंडावर विचारला. प्रश्न विचारून त्या थांबल्या नाहीत. नागपूरला जाऊन त्यांनी सुईणकाम शिकून घेतलं, घरी विद्यार्थी ठेवले, दुभती जनावरं पाळली. नवऱ्याच्या ध्येयाला विरोध न करता त्याच्या शेजारी स्वतःचं पोट उभं करायचं, हा बायांचा मार्ग. सून इरावतीबाईंनी पुढे कर्व्यांवर लिहिताना, असा सासरा लाभला हे भाग्य आणि आपण त्याची बायको नव्हतो हे त्याहून मोठं भाग्य, या आशयाचं म्हटलं आहे. त्या वाक्यात बायांना केलेला नमस्कार आहे असं मी समजतो.

रंगभूमीने हे ओळखलं. 1972 मध्ये वसंत कानेटकरांनी याच संसारावर बेतलेलं ‘हिमालयाची सावली’ हे नाटक लिहिलं. नानासाहेब भानू झाले डॉ. श्रीराम लागू, आणि बयो झाल्या शांता जोग. नाटक भानूंभोवती फिरतं, तरी प्रेक्षक घरी घेऊन जातो ती बयो. कानेटकरांनी संसाराची उतरण फार ताकदीने दाखवली. पण चढण, म्हणजे मित्राच्या घरातली ती विधवा मुलगी आणि गणिताचा तो अबोल माणूस यांच्यात ओळखीची सोबत कशी होत गेली, हा भाग नाटकाबाहेर राहिला. कादंबरी तिथेच आहे.

आता वर्ध्याकडे येतो. लग्नानंतर त्याच वर्षाच्या शेवटी, 1893 च्या डिसेंबरात, कर्व्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली ती वर्ध्याला. राळेगाव तालुक्याची हद्द वर्धा नदीवर संपते, नदी ओलांडली की वर्धा जिल्हा. त्या काळी ही नदी दोन राजवटींची सीमा होती. पलीकडे मध्य प्रांत, अलीकडे निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला वऱ्हाड. आपल्या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव 1905 मध्ये मिळालं, तोवर तो कागदोपत्री वूण, म्हणजे वणीचा जिल्हा होता. पुण्या-मुंबईतल्या ब्राह्मण घरांतली क्रांती वर्ध्यात सभा भरवत होती, तेव्हा नदीच्या दोन्ही काठांवरच्या कुणबी, माळी, तेली घरांत विधवांची लग्नं पिढ्यान् पिढ्या लागतच होती. त्याला पाट म्हणत, कुठे मोहतूर, कुठे गंधर्व.

सुधारकांच्या इतिहासात या पाटाला जागा फार थोडी मिळाली, याचं मला वाईट वाटतं. सोयीच्या लग्नाचं आपल्याकडचं सगळ्यात जुनं रूप तेच. वावर पडीक राहू नये, लेकरं उघडी पडू नयेत, म्हणून दीर किंवा गावातला ओळखीचा बिजवर पुढे येई. कित्येकदा दोघं एकाच शिवारात वाढलेली असत. पण त्या विधीत मान नव्हता. पाट लागे रात्री, बहुधा अंधाऱ्या पंधरवड्यात, वाजंत्रीशिवाय. सवाष्णी दूर राहत, दुसऱ्या सकाळी त्या जोडप्याचं तोंड पाहू नये असं मानत. वर अविवाहित असेल तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावत, म्हणजे विधवेशी होणारं लग्न त्याचं दुसरं ठरावं. पहिलेपणाचा मान झाडाला, संसार मात्र बाईने करायचा. हक्क होता, पण प्रतिष्ठा नव्हती. पुण्यात वरच्या जातींच्या विधवेला हक्कच नव्हता. कर्व्यांचं लग्न दिवसाउजेडी, चारचौघांत झालं यात त्याचं वजन आहे.

कायद्याने तर पाटवाल्या बाईचं उलट नुकसान केलं. 1856 च्या विधवाविवाह कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण त्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपवला. ज्या जातींत पुनर्विवाह रूढीनेच चालत होता, त्यांनाही हे कलम लागू होतं का, यावर उच्च न्यायालयांत मतभेद झाले. मुंबईने बाईचा हक्क जातो असं धरलं, अलाहाबादने रूढीचा आधार घेऊन तिची बाजू राखली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली ती सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याने पेटून. त्या मराठा घरातल्या होत्या, आणि प्रतिष्ठित म्हणवणाऱ्या मराठा घरांत वरच्या जातींचं अनुकरण म्हणून पुनर्विवाह बंद होत चालले होते. वऱ्हाडातल्या या बाईने नदीपलीकडच्या सभेआधी अकरा वर्षं प्रश्न मांडून ठेवला होता.

याच प्रदेशातलं आणखी एक लग्न ओझरतं सांगायला हवं. मूर्तिजापूरचे कवी अनिल आणि अमरावतीच्या कुसुमावती यांचा 1922 पासूनचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने पुस्तकरूपात आला. तिथे आधी प्रेम, मग लग्न. लग्नाआधीची वर्षं शब्दांत जपलेली असल्याने त्यावर कादंबरी लिहायची गरज उरत नाही. बाया-कर्व्यांच्या त्या वर्षांचा असा पत्रठेवा नाही. तिथे कादंबरीकाराला स्वतः उतरावं लागेल.

आणि आज? जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. कापसाच्या या पट्ट्यात पती गमावलेली शेतकरी बाई त्या व्यासपीठावर उभी होती, आणि अध्यक्षपदी होत्या अरुणा ढेरे, ज्यांनी ‘विस्मृतिचित्रे’मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या विसरलेल्या स्त्रियांना नावं परत मिळवून दिली. त्या दोघी एका मंचावर होत्या, याचा अर्थ आम्हा यवतमाळकरांना त्या वेळी नीट उमगला नाही. 2022 मध्ये कोल्हापूरच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने तोच कित्ता सगळ्या गावांना गिरवायला सांगितला. कुंकू-बांगड्यांचा प्रश्न त्यात आला. पुन्हा संसार मांडण्याचा प्रश्न मात्र अजून बैठकीत उघड बोलला जात नाही.

आमच्या भागात असा संसार मांडायचा म्हटलं की पहिला अडसर येतो तो सातबाऱ्याचा. ‘लग्न केलंस तर वावर सोड,’ असं सासरचे म्हणतात आणि बाई गप्प बसते. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याकडून मिळालेला वाटा तिच्या पूर्ण मालकीचा केला, पुनर्विवाहाने तो जात नाही. 1856 चा जुना कायदाही 1983 मध्ये रद्द झाला. तरी वारस नोंदीच्या वेळी दीड शतकापूर्वीचं ते दुसरं कलम चावडीवर तोंडी जिवंत असतं. इथला एखादा शाळामास्तर किंवा पत्नी गेलेला शेतकरी आपल्या जुन्या ओळखीच्या, मुलं पदरी असलेल्या बाईला विचारू पाहतो, तेव्हा दोघांना आधी वावराचं बोलावं लागतं, मग मुलांच्या शाळेचं, मग म्हाताऱ्या सासूचं, आणि सगळ्यात शेवटी एकमेकांचं. बायांनी विम्याच्या पॉलिसीवरून जे विचारलं ते याच जातीचं बोलणं होतं. पॉलिसी गेली, भांडण झालं, आणि तरीही दोघं सत्तावन्न वर्षं एकत्र राहिली. बाया 29 नोव्हेंबर 1950 रोजी गेल्या. कर्व्यांना 1958 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं तेव्हा त्या नव्हत्या.

तरुण लेखकांना माझी विनंती आहे. पेशव्यांचे वाडे काही काळ बाजूला ठेवून 1880 च्या दशकातल्या मुंबईतल्या त्या बिऱ्हाडात शिरा. त्याच कथेला समांतर वर्धा नदीच्या या काठावर, रात्री लागलेल्या एखाद्या पाटाची कथा लिहा. ‘माझे पुराण’, कर्व्यांचं 1915 चं ‘आत्मवृत्त’ आणि पार्वतीबाईंची ‘माझी कहाणी’ शेजारी ठेवून वाचली की एकाच घराच्या तीन हकिगती हाती लागतात, आणि त्या प्रत्येक ठिकाणी जुळत नाहीत. कादंबरी सुरू करायला त्या न जुळणाऱ्या जागा पुरेशा आहेत.